बाळंतपणाला गेले आणि बर्फात राहिले



मागच्या महिन्यात आपल्या गटांची बैठक झाली, तेव्हा चहाच्या वेळी दोघीजणींनी मला बाजूला घेतलं. एकीची लेक कॅनडात, दुसरीचा मुलगा आणि सून तिकडेच. दोन्ही घरांत यंदा हिवाळ्यात पाळणा हलायचाय आणि दोघींना बोलावणं आलंय. "मॅडम, तुम्ही जाऊन आलाय. तिकडं बर्फ पडतो म्हणजे नेमकं काय होतं? आमच्यानं निभंल का?" उभ्या उभ्या किती सांगणार? म्हटलं, रेडिओवरच सांगते. आपल्या खटाव तालुक्यातून आता दर वर्षी कोणी ना कोणी तिकडे जातं, त्यामुळे हे कोणाच्या तरी कामाला येईल.

मी तिकडे नोकरीला नव्हते. माझी थोरली बहीण, आमची ताई, दाजींबरोबर विनिपेगला असते. तिचं पहिलं बाळंतपण नोव्हेंबरात होतं. खरं म्हणजे आईनं जायचं, पण आईचे गुडघे सोळा-सतरा तास विमानात बसायला तयार नव्हते. मग माझी रवानगी झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेले आणि जानेवारी संपताना परत आले. गटाचं दप्तर आमच्या सीआरपी ताईनं सांभाळलं, घर सासूबाईंनी. व्हिसा, बोटांचे ठसे, विमा ही कहाणी वेगळी आहे, ती पुन्हा कधीतरी. आईनं माझ्या बॅगेत डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा भरल्या आणि सगळ्यात वर दोन गोधड्या ठेवल्या. एक ताईला, एक बाळाला. बाळाची गोधडी आमच्याच गटातल्या एका काकूंनी टाके घालून दिली होती. जुन्या लुगड्याची, हाताला लोण्यासारखी लागणारी.

आता विनिपेग कुठे ते सांगते. कॅनडाच्या साधारण मध्यावर मॅनिटोबा नावाचा प्रांत आहे, त्याची ही राजधानी. रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्यांच्या संगमावर वसलीय. नाव मूळचं तिथल्या क्री लोकांच्या भाषेतलं, अर्थ गढूळ पाणी. हे कळल्यावर मला बरं वाटलं. पावसाळ्यात आपल्या येरळेला येतं तसलंच पाणी असणार, म्हणजे अगदीच परकं गाव नव्हे.

पण थंडी मात्र परकी. जानेवारीत तिथं दिवसाचा पारा सर्वसाधारण उणे अकराच्या आसपास असतो, रात्रीचा उणे एकवीसच्या. लाट आली की उणे तीसच्याही खाली जातो. आपल्या वडूजला पहाटे दहावर आला तर आपण शेकोटी पेटवतो. मला वाटायचं, ते गाव पार उत्तर ध्रुवाजवळ असेल. तर तसं नाही. लंडन शहर विनिपेगपेक्षा जास्त उत्तरेला आहे, तरी लंडनची थंडी त्यामानानं पुष्कळ सौम्य. फरक समुद्राचा. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे समुद्राकाठच्या गावाला ते ऊब पुरवतं. विनिपेगला चारी बाजूंनी शेकडो मैल जमीन. जमीन तव्यासारखी, लवकर तापते आणि आच काढली की लवकर गार होते. म्हणून उन्हाळ्यात तिथं पारा तिशीच्या वरही जातो आणि हिवाळ्यात असा कोसळतो. त्यात उत्तरेकडून वारं सुटलं तर त्याला अडवायला मध्ये एक डोंगर नाही. आपल्या माणदेशाच्या माळासारखी सपाट जमीन, फक्त कितीतरी पटींनी मोठी.

मी पोचले तेव्हा बर्फाचं नाव नव्हतं. झाडं पिवळी झाली होती आणि माणसं कामाला लागली होती. आपण मृगाआधी कौलं शाकारतो, सरपण आत घेतो, तशीच लगबग. दाजींनी गाडीचे टायर बदलले. हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. त्यांचं रबर गारठ्यातही मऊ राहतं आणि म्हणून रस्ता धरून ठेवतं. मग अंगणातल्या नळाचं पाणी आतून बंद करून पाइप रिकामा केला. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, जवळजवळ एक अकरांश जास्त जागा घेतो, आणि लोखंडी पाइपही फोडतो. गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेची एक वायर लोंबत होती, तिचं मला फार नवल वाटलं. तिथं रात्री गाडी चक्क प्लगला लावतात! इंजिनजवळ एक छोटा हीटर असतो, तो चालू नसेल तर कडक थंडीत सकाळी इंजिन सुरूच होत नाही. गोठ्यात जनावर बांधावं तशा सगळ्यांच्या गाड्या वायरीनं बांधलेल्या.

दिवाळीच्या चार दिवस आधी पहिला बर्फ पडला. मी पहाटे उठले तर खोलीत उजेड जास्त वाटला. आधी वाटलं रस्त्यावरचा दिवा असेल. पडदा सरकवला तर अंगण, कुंपण, शेजाऱ्यांचं छप्पर, सगळं पांढरं. आणि आवाज कसलाच नाही. समोरून गाडी गेली तीसुद्धा मांजरासारखी. ताजा बर्फ भुसभुशीत असतो, त्याच्या पोटात हवेच्या बारीक बारीक पोकळ्या असतात आणि आवाज त्यांच्यात जिरून जातो. कापसाच्या ढिगात बोलल्यासारखं. मी ताईचा कोट घालून स्लिपरवरच बाहेर गेले आणि दोन मिनिटांत पाय झिणझिणायला लागले तशी पळत आत आले. ताई पोट धरून हसत होती. तिचं ते हसणं मला पुढे फार आठवलं.

आपल्याकडे बर्फ म्हटला की गोळेवाल्याची लादी, नाहीतर गारपिटीतल्या गारा. हा बर्फ दोन्हींपेक्षा निराळा. गार म्हणजे ढगात गोठलेलं पाणी, एकावर एक थर चढत जाऊन झालेला गोळा. इथं पाण्याचा थेंब होतच नाही. गार ढगात वाफ एकदम घट्ट होऊन तिचे स्फटिक बनतात आणि तेच खाली येतात. काळ्या हातमोज्यावर एखादा झेलला तर नुसत्या डोळ्यांनी त्याचे सहा कोन दिसतात. दारात काढलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखा! अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली नावाच्या एका शेतकऱ्यानं 1885 साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून असल्या एकेका कणाचे फोटो काढायला सुरुवात केली आणि जन्मभर तेच केलं. हजारो फोटो काढले. पाण्याच्या हिशेबात मात्र हा बर्फ फसवा. साधारण दहा सेंटीमीटर बर्फ वितळला की एक सेंटीमीटर पाणी. अंगणभर ढीग दिसतो, पण आपल्या एका चांगल्या वळवाच्या सरीइतकंही पाणी त्यात नसतं.

दिवाळी तशीच केली. पणत्या बाहेर ठेवल्या तर वाऱ्यानं विझल्या, मग खिडकीच्या आत मांडल्या. आकाशकंदील दाजींनी बाहेरच लावला आणि खालच्या बर्फावर त्याचा लाल उजेड पडला. ते चित्र मात्र छान होतं, खोटं कशाला बोलू.

आता कपड्यांचं सांगते, कारण त्या दोघी बाजारातून काय आणायचं हेच आधी विचारणार. इथून जाड कोट विकत घेऊन जाऊ नका. इथला कोट तिथल्या थंडीला पुरत नाही आणि बॅगेतली जागा खातो. तिथं वापरलेल्या पण धडक्या कपड्यांची दुकानं असतात, लेकीला आधी सांगून ठेवा. ताईच्या शेजारी एक फिलिपिनो बाई राहायच्या. त्या गावात फिलिपिन्सची माणसं पुष्कळ आहेत. त्या स्वतः गरम देशातून आलेल्या, म्हणून त्यांना माझी अडचण बरोबर कळली. त्यांनी मला समोर उभं करून थर कसे चढवायचे ते शिकवलं. मला इंग्रजी मोडकंतोडकं येतं, पण कपडे घालायला भाषा कशाला लागते?

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही तर गोधडीच. गोधडीत ऊब कापडाची नसते. दोन थरांच्या मध्ये जी हवा अडकते ती ऊब धरते. जाडजूड सतरंजीपेक्षा पाच-सहा पातळ लुगड्यांची गोधडी उबदार लागते ती याच कारणानं. तसंच तिथं अंगावर करायचं. अगदी आत अंगाला चिकटून बसणारा पातळ थर, तो सुती नको. सुती कापड घाम पितं आणि ओलं राहतं, आणि थंडीत ओलं कापड म्हणजे अंगावर गार पाण्याची घडी. त्यावर लोकर. सगळ्यात वर वारं अडवणारा कोट. पाच बोटांच्या मोज्यापेक्षा चारही बोटं एकत्र राहतील असा मोजा बरा, बोटं एकमेकांना ऊब देतात. बूट एक नंबर मोठा घ्या. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय आधी गारठतात. मी जोडवी काढून ठेवली, कारण ती दोन जोड मोज्यांखाली रुतायची. फोनवर आईनं विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "डबीत नीट ठेव." संपला विषय.

थंडीपेक्षा वारा वाईट. आपल्या अंगाभोवती आपल्याच उबेचा एक पातळ थर असतो, वारा तो सारखा उडवून नेतो. म्हणून तिथं बातम्यांत दोन आकडे सांगतात, एक पाऱ्याचा आणि दुसरा वारा धरून अंगाला किती गार लागेल त्याचा. बाहेर पडताना दुसरा आकडा पाहायचा. तो उणे अठ्ठावीसच्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. उणे चाळीसच्या खाली गेला तर पाच-दहा मिनिटांत. आधी गाल, नाकाचा शेंडा, कानाची पाळी किंवा बोटं बधिर होतात आणि तेवढी जागा पांढुरकी दिसायला लागते. अशा वेळी आपला हात चटकन चोळायला जातो. चोळायचं नाही, आतली गोठलेली कातडी फाटते. विस्तवाजवळ किंवा हीटरजवळही धरायचं नाही, बधिर जागेला चटका कळत नाही आणि ती भाजते. आत यायचं आणि बोटं काखेत धरायची, किंवा कोमट पाण्यात. रंग आणि जाणीव परतली नाही तर सरळ डॉक्टर गाठायचा.

चालण्याचंही शिकावं लागतं. बर्फ ताजा असला तर भीती नाही. उलट पारा उणे दहाच्या खाली असला की पायाखाली तो कुरकुर वाजतो, नव्या चपलेसारखा. भीती असते ती दुपारी थोडा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या बर्फाची. तो काचेसारखा पारदर्शक असतो, खालचा काळा रस्ताच दिसतो आणि आपण फसतो. मी पायऱ्यांवर एकदा बसकण मारली, नशिबानं कोट जाड होता. पाय थोडे फाकून, पूर्ण तळवा टेकवत, बदकासारखं चालायचं, आणि हात खिशात घालायचे नाहीत, तोल सावरायला मोकळे ठेवायचे. रस्त्यांवर मीठ टाकतात. आपण पॉटचं आईस्क्रीम करताना बर्फात जाडं मीठ टाकतो, आठवतं? मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली पाणी होऊन राहतो. तीच युक्ती. पण पारा उणे दहाच्या पलीकडे गेला की मिठाचंही फारसं चालत नाही. मग वाळू पसरतात, निदान पाय तरी धरतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ताई बाळंत झाली. मुलगी. दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. बाहेर उणे चौदा होतं. मी बाळाला टोपडं, स्वेटर, जाड कोट असं सगळं चढवायला निघाले तर तिथल्या परिचारिकेनं थांबवलं. तिकडे गाडीत लहान मुलाला त्याच्या वेगळ्या खुर्चीत पट्टे लावून बसवणं कायद्यानं बंधनकारक आहे, अगदी एक दिवसाच्या बाळालासुद्धा. पट्ट्याखाली फुगीर कोट असला तर पट्टा घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण धक्का बसला की कोट दबतो आणि बाळ पट्ट्यातून निसटू शकतं. म्हणून आत साधे कपडे घालायचे, पट्टे नीट आवळायचे आणि वरून पांघरूण घालायचं. पांघरूण? मी पिशवीतून गोधडी काढली. परिचारिकेनं टाक्यांवरून बोट फिरवलं, काहीतरी छान म्हणाली आणि स्वतःच्या हातानं बाळाच्या पोटापासून पायांपर्यंत खोचून दिली. काकूंची गोधडी अशी उणे चौदात बाहेर पडली.

घरी आल्यावर मात्र वाद झाला. रात्री मी बाळाला गोधडीत लपेटून झोपवायला लागले तर ताई म्हणाली, नाही. तिकडे वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात सैल पांघरूण, उशी काही ठेवत नाहीत. तोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. त्याऐवजी अंगात घालायची बिनबाह्यांची पिशवी मिळते, तिच्यात झोपवतात, उताणं. आईला फोनवर हे सांगितलं तर ती चिडली. "एवढ्या बर्फात लेकरू उघडं? तुम्ही दोघी गोधडीतच वाढलाय." तिचंही खोटं नव्हतं. पण बर्फ बाहेर होता. आत घर भट्टीवर चालतं, तळघरातून गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांतून वर येते आणि चोवीस तास वीस-एकवीस अंश. आपल्या मातीच्या घरात डिसेंबरात असतो तेवढाही गारवा त्या खोलीत नव्हता. गोधडी मग दिवसा जमिनीवर अंथरली आणि बाळ डोळ्यांसमोर तिच्यावर हातपाय हलवत पडून राहायचं.

शेक-शेगडीचंही तसंच. मी हौसेनं लोखंडी तव्यात ओव्याची धुरी केली, तर छताला लावलेला धुराचा भोंगा असा कोकलला की बाळ दचकून रडलं आणि फिलिपिनो बाई धावत आल्या. माझी मला लाज वाटली. कोळशाची शेगडी तर त्या घरात मुळीच पेटवू नका, हे मी दोघींना हात जोडून सांगते. तिथली घरं थंडी अडवायला इतकी बंद असतात की फट नसते. कोळशातून निघणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग. माणूस झोपेतच जातो. आपल्याकडेही बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्यानं माणसं दगावतात, ते याच वायूनं. तेल-मालिश करा, अंघोळ घाला, शेक हवा तर गरम पाण्याच्या पिशवीनं द्या, डिंकाचे लाडू करा. त्यानं भोंगा वाजत नाही.

हवा इतकी कोरडी की विचारू नका. वीस अंशाच्या एक घनमीटर हवेत सतरा ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, उणे वीसच्या हवेत जेमतेम एक ग्रॅम. ती बाहेरची हवा आत घेऊन तापवली की ती तहानेली असते, मिळेल तिथून पाणी ओढते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की चट्कन शॉक बसतो. मी रात्री धुतलेली लंगोटं सकाळी कडकडीत वाळलेली! एकदा गंमत म्हणून चार उडदाचे पापड लाटून त्या गरम हवेच्या जाळीजवळ ठेवले, रात्रीत वाळले. मनात म्हटलं, आमच्या गटाला अशी खोली मिळाली असती तर पावसाळ्यातही ऑर्डर अडली नसती. बाळाच्या खोलीत हवेला ओल देणारं यंत्र लावलं होतं, आणि आम्ही मोहरीऐवजी खोबरेल वापरलं.

आता जे मला सांगायचंच होतं ते.

तिथं थंडीची तयारी सगळे करून देतात. अंधाराची कोणी करून देत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात. आदल्या दिवशी सहाला मावळणारा सूर्य त्या दिवशी पाचला मावळला. आपल्याशी साडेदहा तासांचं अंतर होतं ते साडेअकरा झालं, आईला फोन करायची वेळही हलली. डिसेंबरच्या एकवीस तारखेला तिथला दिवस आठ तासांहून थोडाच मोठा. आपल्याकडचा सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा असतो. तिथं सकाळी सव्वाआठ झाले तरी सूर्य नाही आणि साडेचारला दिवेलागण. भर दुपारीसुद्धा सूर्य कुंपणाच्या जरा वर, आपल्याकडे सकाळी आठला असतो तसा तिरका.

आई सांगायची, बाळाला कोवळ्या उन्हात धर. मी खिडकीत धरायचे. नंतर कळलं की ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेतून आत येतच नाहीत, आणि त्या महिन्यांत इतक्या उत्तरेला ते बाहेरही पुरेसे नसतात. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला तिथं रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात, 400 युनिट. तेवढं झालं.

पण ताईचं काय? दाजी सकाळी अंधारात जायचे आणि अंधारात यायचे. ताई दिवसेंदिवस बाहेर पडली नाही. बाळ रडलं की ती पण रडायची. मी म्हणायचे, "ओली बाळंतीण आहेस, होतं असं. चार दिवसांनी बरं वाटेल." चार दिवसांचे वीस झाले. ती जेवण ढकलायची आणि बाळ झोपलं तरी छताकडे बघत पडायची. एकदा म्हणाली, "मला बाहेरचा रंगच आठवत नाही गं." मी हसण्यावारी नेलं.

तिथल्या आरोग्यखात्याची परिचारिका घरी येऊन बाळाचं वजन करायची. एके दिवशी तिनं ताईच्या हातात दहा प्रश्नांचा एक कागद दिला आणि मला म्हणाली, तुम्ही जरा चहा टाका. म्हणजे बाहेर जा. ही एडिंबरा शहराच्या नावाची प्रश्नावली आहे, 1987 साली तयार झालेली, आणि आज जगभर बाळंतिणींसाठी वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, झोप लागली का, स्वतःला इजा करून घ्यावी असं मनात आलं का. मला ताईनं "बरी आहे" असं सांगितलं होतं. त्या कागदावर तिनं खरं लिहिलं. मी स्वयंपाकघरात उभी. दहा वर्षं मी गटातल्या बायांना सांगत आलेय, मनातलं बोला, दाबून ठेवू नका. आणि माझ्या शेजारच्या अंथरुणावर माझी सख्खी बहीण गप्प पडून होती, ते मला दिसलं नाही.

पहिले आठ-पंधरा दिवस रडू येणं पुष्कळजणींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर तो आजार असतो, हट्ट नव्हे आणि सवयही नव्हे. त्यावर उपचार आहेत. ताईला डॉक्टरांनी तपासलं, बोलण्याच्या उपचाराला पाठवलं आणि सकाळी अर्धा तास समोर बसायला एक प्रखर दिवा सांगितला. हिवाळ्याच्या अंधारानं मन खचतं यावर 1984 साली अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल या डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलं होतं, तेव्हापासून हा दिवा वापरात आहे. घरी आम्ही ठरवलं की रात्रीची एक वेळ दाजींनी बाळाला वरचं दूध द्यायचं, म्हणजे ताईला सलग पाच तास झोप. आणि रोज दुपारी साडेबाराला बाहेर. वारा धरून आकडा बरा असला की बाळ ताईच्या कोटाच्या आत छातीशी बांधलेलं, मी मागून बदकासारखी. वीस मिनिटं, कोपऱ्यावरच्या झाडापर्यंत आणि परत. पहिल्या दिवशी ताई दारातच रडली. दहाव्या-बाराव्या दिवशी तिनंच मला हाक मारली, "चल ना, आवर." आठवड्यातून एकदा जवळच आया-बाळांची बैठक भरायची, तिकडे जायला लागली. सगळ्याजणी गोल करून बसायच्या आणि आपापलं सांगायच्या. मला तर वाटलं, आपला गटच भरलाय, फक्त वर्गणी नाही.

आईला आम्ही हे पुष्कळ दिवस सांगितलं नाही. सांगितल्यावर ती म्हणाली, "तू झालीस तेव्हा मलाही असंच झालं होतं. कोणाला सांगणार?" पस्तीस वर्षांनी फोनवर सांगितलं तिनं. आणि तेव्हा तर बर्फ नव्हता, ऊन भरपूर होतं. म्हणून म्हणते, हे फक्त परदेशातल्या लेकीसुनांपुरतं धरू नका. आपल्याकडे मनाच्या दुखण्यासाठी सरकारची टेलि-मानस नावाची फुकट सेवा आहे, नंबर 14416. मराठीतून बोलता येतं. लिहून ठेवा.

मी निघाले तेव्हा नदी गोठून लोक तिच्यावर चालत होते. पाणी वरून गोठतं, कारण चार अंशाचं पाणी सगळ्यात जड असतं, ते तळाला जातं आणि मासे खाली जगतात. हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण त्यावर पाय ठेवला तेव्हा पटलं. ताई विमानतळावर आली होती, गोधडी घेऊन, आत बाळ.

तर त्या दोघींसाठी. ताईनं मला घेऊन दिलेला निळा कोट, बूट आणि दोन जोड मोजे माझ्याकडे आहेत. कोट थोडा लांब आहे पण चालेल. जी आधी निघेल तिनं घेऊन जावा आणि परत आल्यावर दुसरीला द्यावा. दुसरीला घाई असेल तर लेकीला सांगून तिथंच बघावं. गटाच्या नोंदवहीत मी तसं लिहून ठेवलंय, कर्ज म्हणून, बिनव्याजी. येत्या गुरुवारच्या बैठकीला घेऊन येते, घालून बघा.